तिच्या हातचे बाण

४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर आठवडाभर या घरात कोणी कोणाशी धड बोललेलं नाही.

फोनवर हे जमलं नसतं. फोनवर मी नुसता हं-हं करतो असं तूच मला ऐकवतेस, तेव्हा आता पत्र वाच.

मागच्या शनिवारी दुकानात मालकाने एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची जाडजूड भिंगं माझ्या गळ्यात मारली. ती घासून होईपर्यंत संध्याकाळ झाली. घरी आलो तर दारात छोटी उभी. बूट चिखलाने माखलेले, खांद्यावर तिच्या आईचं धनुष्य आणि कमरेच्या भात्यात तिच्या आईच्या हातचे लाकडी बाण. कपाटातली पेटी तिने माझ्या माघारी उघडली होती.

ते बाण कसे तयार व्हायचे हे तू पाहिलं आहेस. दिवसभर छापखान्यात पुस्तकांची बांधणी करून आली तरी संध्याकाळी तुझी वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काड्या घेऊन बसायची. प्रत्येक काडी एका डोळ्याने निरखायची. वाकडी असली तर किटलीच्या वाफेवर धरून अंगठ्याने हळूहळू दाबायची. मग मागच्या टोकाला खाच, त्यापुढे बदकाची पिसं, आणि पिसांवर दोऱ्याचे वेढे. पुस्तकाला घालायची तीच गाठ. तिरंदाजीच्या मैदानावर बाकी सगळ्यांचे कार्बनचे बाण, एका साच्यातून काढलेले. हिच्या बाणांचे मात्र स्वभाव वेगळे. एक हमखास डावीकडे जायचा, त्याला ती साहेब म्हणायची. एक सुटताना इतका आवाज करायचा की त्याचं नाव तिने वन्सं ठेवलं होतं. हे तेव्हा तुझ्यापासून लपवलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

ती गेली त्यानंतर मी ते सगळे पेटीत ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं. लाकडी बाण मोडला की संपला. ते करणारे हात आता नाहीत, हे छोटीला मी समजावून सांगायला हवं का? तिने एक बाण लक्ष्याच्या चौकटीवर आपटून मोडला. वन्सं तर गवताच्या पलीकडे कुठे गेला, तिला सापडलाच नाही. वर मला म्हणाली की बाण मारण्यासाठीच केलेले असतात. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

तुझं ती ऐकते. पेटीला पुन्हा हात लावायचा नाही, एवढं तिला लिही.

तुझ्या वसतिगृहातल्या मुलींना देऊन थोडा लोभ उरला तर इकडे पाठव.

तुझा
दादा

१० नोव्हेंबर

चि. छोटीस,

तुझ्या आत्याकडून पुष्कळ आशीर्वाद आणि थोडा दम.

तुझ्या बाबांचं पत्र आलं. तुला रागवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे, आणि इथे वसतिगृहभर मुलींना रागवून माझा साठा संपला आहे. तेव्हा आधी तुझी बाजू सांग.

एक मला समजत नाही. तू कृत्रिम दातांची कवळी बनवताना श्वास रोखून काम करणारी मुलगी. न विचारता कोणाच्या पेटीला हात लावणं हा तुझा स्वभाव नाही. काहीतरी असणार. बाबा डोळे सांभाळतात, तू दात सांभाळतेस, तरी समोरासमोर बसून दोन शब्द बोलणं तुम्हा दोघांना जमू नये, याला काय म्हणावं?

आणि माझ्या नावाचा बाण हरवला म्हणे. आवाजावरून नाव ठेवलं होतं, हे मला इतक्या वर्षांनी समजलं. वहिनी समोर असती तर भांडले असते, आणि दोघी पोट धरून हसलो असतो.

उत्तर लवकर धाड. माया आहेच, ती मागायची गरज नाही.

तुझी
आत्या

१६ नोव्हेंबर

ती. आत्या,

नमस्कार, आणि तू आधी विचारलंस म्हणून आणखी एक नमस्कार.

सांगते, पण हे बाबांना कळता कामा नये.

थंडी पडली म्हणून मी कपाटातून लोकरीची पांघरुणं काढली. किल्ली बाबांनीच दिली होती. पांघरुणं झटकली तर भुगा पडला. कसर लागली होती. शेजारीच आईची पेटी होती. मला धास्ती वाटली, म्हणून उघडली. आत्या, अर्ध्याहून जास्त बाणांची पिसं खाऊन टाकली होती. काहींवर नुसता मधला दांडा राहिला होता, कंगव्याचे दात झडावेत तसा. बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

मग सगळी पेटी साफ केली, डांबराच्या गोळ्या ठेवल्या. ज्यांची पिसं शाबूत होती ते बाण बाजूला काढले. वाटलं, आज ना उद्या यांचीही तीच गत होणार. अळीच्या पोटात जाण्याआधी यांनी एकदा तरी उडावं.

मैदानावर गेले. आई करायची तसं प्रत्येक बाण कानाशी धरून जरासा वाकवला, आत कुठे चीर पडल्याचा आवाज येतो का ते ऐकलं. चीर असलेला बाण दोरीवरच फुटून हातात घुसतो, हे तिने मला लहानपणीच शिकवलं होतं. मग पहिला सोडला.

कार्बनचा बाण सुटल्यावर दिसतच नाही गं, एकदम समोर रुतलेला असतो. लाकडी बाण दिसतो. निघताना माशासारखं अंग हलवतो, मग सावरतो, आणि जराही घाई नसल्यासारखा जातो. तो जात असतानाच आपलं काय चुकलं ते आपल्याला कळतं, आणि आता काही करता येणार नाही हेही कळतं. त्यात एक मोठं सुख आहे. डावीकडे जाणारा साहेब डावीकडेच गेला, आणि मी एकटीच हसले. आई गेल्यापासून तिची अशी हसून आठवण मला पहिल्यांदाच आली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, की आई गेली ते कोणाच्या हातात नव्हतं, आता मी तिला माझ्या हाताने घालवते आहे. तेव्हा मी कसरीचं सांगू शकले असते. पण ती पेटी लोकरीच्या पांघरुणांशेजारी त्यांनीच जपून ठेवली होती. त्यांना काय वाटलं असतं? त्यापेक्षा माझ्यावर रागावलेले परवडले. कपाटाचं कुलूप आता त्यांनी बदललं आहे. पेटीत बघितलेलं मात्र नाही.

तू सांगू नकोस. शपथ घालत नाही, कारण तू शपथा मानत नाहीस. नुसती विनंती करते.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
छोटी

२२ नोव्हेंबर

चि. छोटीस,

आशीर्वाद.

मी सांगणार नाही. पण तू सांग, आणि लवकर सांग. तुझे बाबा दुधखुळे नाहीत. बायको गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन लोकांच्या चष्म्याचे नंबर बिनचूक बसवणारा माणूस आहे तो. पिसं गेली हे ऐकून ते मोडून पडणार नाहीत. मुलगी आपल्याशी बोलत नाही, याने मात्र पडतील. तुझं वागणं मायेचं आहे हे मला दिसतं, त्यांना दिसत नाही. त्यांना फक्त तुझं गप्प बसणं दिसतं.

दादाला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात एवढंच लिहिलं, की पेटीचा विषय बाजूला ठेव आणि मुलीला रोज एक तरी प्रश्न विचार, जेवलीस का एवढा जरी असला तरी चालेल.

थंडीत कान झाक. मफलर मी पाठवलेला आहे, तो कसरीला घालू नकोस.

तुझी
आत्या

३ डिसेंबर

ती. आत्या,

नमस्कार. परवा फोनवर मी नुसती रडत होते. रात्री बाबा सापडले एवढं कळवलं, पण तुला धड काही समजलं नसेल. आज डोकं जागेवर आहे. बाबा दवाखान्यात आहेत, शुद्धीत आहेत, आणि आताच मला सांगत होते की तिथल्या डॉक्टरच्या चष्म्याचा नंबर चुकलेला आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

मंगळवारी सकाळी ते दुकानात जातो म्हणून डबा घेऊन निघाले. निघताना मला जेवलीस का असं विचारलं. सकाळी सात वाजता. मला काही कळेना, मी हो म्हटलं.

दुपारी दुकानाच्या मालकांचा आमच्या दातांच्या दवाखान्यात फोन आला, बाबा आज दुकानात का आले नाहीत म्हणून. मी घरी धावले. बाबांचे उंच बूट नव्हते, आणि बागेतली लांब काठीही नव्हती. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. ते हरवलेला बाण शोधायला गेले होते.

मैदानावर धुकं होतं, पाऊस भुरभुरत होता. रखवालदार म्हणाला की सकाळपासून फाटकातून कोणी आत आलेलं नाही. म्हणजे ते मागच्या अंगाने गेले असणार. तिथे लक्ष्यांच्या मागे गवत उतरत जातं आणि पुढे खडी काढून सोडून दिलेली जुनी खाण आहे. मी आणि रखवालदार हाका मारत फिरलो. उत्तर नाही. उजेड उतरायला लागला तेव्हा मी त्याच्या खोलीतून तुला फोन केला. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी तुलाही सांगणार नाही.

पुन्हा बाहेर आलो तेव्हा रखवालदाराने मला हाताने थांबवलं. कुठूनतरी पत्र्यावर ठोकल्याचा आवाज येत होता. आम्ही आवाजाच्या दिशेने गेलो. बाबा खाणीच्या तळाशी होते, जेवणाच्या डब्यावर काहीतरी ठोकत. काठावरची माती पायाखालून सुटून ते घसरले होते आणि घोटा मोडला होता. हाका मारून मारून त्यांचा आवाजच बसला होता. ओठ निळे पडले होते. आणि डब्यावर ज्याने ठोकत होते तो बाण होता, वन्सं. त्यांना सापडला होता.

रखवालदार माणसं आणायला गेला. मी खाली उतरून माझा कोट त्यांच्या अंगावर घातला आणि पाठीमागून धरून बसले. ते पेंगायला लागले. झोपू द्यायचं नाही एवढं मला माहीत होतं. मग जे आठवडेच्या आठवडे बोलले नव्हते तेच बोलले. कसर, अळ्या, डांबराच्या गोळ्या, सगळं.

मी त्यांची नाडी बघितली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, आत्या. आवाज नव्हता, नुसतंच हसणं. घोगऱ्या गळ्याने म्हणाले, की मी बाहेर कुलूप लावून पहारा देत बसलो आणि आत जेवणावळ चालली होती. मग हातातला बाण मला दाखवला. पावसाने काडी वाकली होती, पिसं कोणत्या तरी किड्यांनी कुरतडली होती. म्हणाले, की सकाळी हा सापडला तेव्हा फार वाईट वाटलं, उघड्यावर पडून वाया गेला म्हणून. पेटीतल्यांचं काय वेगळं झालं. मग माझा हात धरून म्हणाले, की त्या दिवशी जे बोललो ते मनात ठेवू नकोस. मी म्हटलं, ठेवलंच नाही. ते खोटं होतं, पण बोलताबोलता खरं झालं.

हाड सरळ मोडलं आहे, नीट जुळेल म्हणतात. छातीत थंडी भरलेली नाही. डॉक्टर म्हणाले आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

आता बरं आहे. खरंच बरं आहे.

तुझी
छोटी

८ डिसेंबर

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग नमस्कार या वेळी मनापासून घातला आहे. तुला नाही, तुझ्या जेवणाच्या डब्याला.

छोटीचं पत्र काल आलं. वाचून झालं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग मुलींना सुट्टी जाहीर केली. त्यांना कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. सुट्टीचं कारण विचारण्याइतक्या त्या मूर्ख नाहीत.

या वयात खाणीत उतरणं शोभत नाही हे मी लिहिणार होते. पण माझ्या नावाच्या बाणासाठी कोणी दिवसभर पावसात फिरलं, हे वाचून मला आतून गुदगुल्या झाल्या. माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत छत्री उघडली नव्हती.

दादा, एक विचारते. वहिनी गेल्यानंतर ते धनुष्य तू स्वतः एकदाही का ओढलं नाहीस? पूर्वी तुम्ही दोघं मिळून जायचात. प्लास्टर निघाल्यावर सावकाश उत्तर दे, नाही दिलंस तरी चालेल.

छोटीला जेवलीस का हे सकाळी सातला विचारायचं नसतं.

माया कमी पडू देऊ नकोस. मी इकडून भर घालते आहे.

तुझी
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. हात चिकट होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. भीती वाटायची. बाण सोडला की तो आपला राहत नाही. लागेल, चुकेल, मोडेल, गवतात जाईल. ती होती तोवर यात काहीच नव्हतं. मोडला तर ती दुसरा करायची, आणि मोडलेल्याला दोन शिव्या द्यायची. ती गेल्यावर मला वाटायला लागलं, की एकेक बाण जाईल तशी ती थोडी थोडी कमी होईल. पेटी बंद असेल तोवर ती आहे तेवढी तरी आहे. हे मी कोणाला बोललो नाही, कारण मोठ्याने बोललं असतं तर मलाच पटलं नसतं.

प्लास्टरमध्ये घरी बसलो होतो तेव्हा छोटीने पेटी टेबलावर आणून ठेवली. दोघांनी मिळून उघडली. बघवत नव्हतं. पण एक गोष्ट खरी, लाकडाला काहीही झालेलं नव्हतं. कसर पिसं खाते, काडी खात नाही. काड्या जशा तिने केल्या तशाच होत्या, सरळ, तेल पाजलेल्या. छोटी म्हणाली, पिसं काय बाजारात मिळतात.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही जुनी पिसं खरवडतो आणि नवी चिकटवतो. तिची ती गाठ छोटीला थोडी येते, मला अजिबात येत नाही. आयुष्यभर केसाएवढ्या फरकाची भिंगं घासली, आणि इथे तीन पिसं सारख्या अंतरावर लावताना घाम फुटतो. माझे पहिले बाण पाहून छोटी म्हणाली, की हे आपण वैऱ्याला भेट देऊ. सरसाचा वास घरभर आहे. जेवताना बोटं ताटाला चिकटतात. आम्ही भांडतो, पण आता भांडण फक्त पिसांवरून होतं.

गेल्या रविवारी डॉक्टरांनी चालायला पूर्ण मोकळीक दिली, आणि आम्ही मैदानावर गेलो. मी तिचंच धनुष्य घेतलं. माझं जरा जड आहे, पाय अजून तेवढा भरवशाचा नाही. छोटीने बाण कानाशी वाकवून ऐकला आणि माझ्या हातात दिला.

मी दोरी ओढली. गालाशी हात आल्यावर नेहमी एक क्षण येतो, तेव्हा सगळं शांत होतं. तो क्षण मी विसरलो होतो. बोटं सुटली. बाण निघाला, थोडा हेलकावला, सावरला आणि गेला. लक्ष्याच्या खाली मातीत रुतला. छोटी म्हणाली की बेडकाला मारला असता तर लागला असता.

खरं सांगू? तो जात होता तेव्हा मला तुझी वहिनी आठवत नव्हती. फक्त बाण होता आणि तो चालला होता. मग ती आठवली. ती जशी आठवायला हवी तशी आठवली, शेजारी उभी राहून मला नावं ठेवताना.

चौथा की पाचवा बाण चौकटीवर बसला आणि मधोमध मोडला. छोटी माझ्याकडे बघायला लागली. मी जाऊन दोन्ही तुकडे उचलले. मोडलेल्या जागी आतलं लाकूड अजून ताजं होतं, वास येत होता. मी वाट बघितली, आता काय होतंय म्हणून. काही झालं नाही. एवढंच लक्षात आलं, की मला कडकडून भूक लागली होती.

डबा खाल्ला आणि पुन्हा उभे राहिलो. संध्याकाळपर्यंत मारत होतो. लाकडी बाणाचं एक आहे, मारण्यापेक्षा तो आणायला चालत जाण्यातच जास्त वेळ जातो. तिकडे जायचं, वाकायचं, उपटायचा, माती पुसायची, परत यायचं. तसं जाताना मी शीळ घालत होतो असं छोटी म्हणते. मी साफ नाकारलं. पण घालत असेनही.

उन्हाळ्यात सुट्टी काढून ये. तुझ्या हातात धनुष्य द्यायचं छोटीने ठरवलं आहे, आणि मला तुझा नेम बघायचा आहे. मुलींना सांभाळ. माया पुरेशी पोचते आहे, तरी चालू ठेव.

तुझा
दादा